विल्सन की झेवियर्स? एका स्टेशनाच्या अंतरावरची मुंबईतली दोन कॉलेजं

बारावीचा निकाल लागला की आमच्या गावात कोणाच्या तरी घरी हा प्रश्न निघतोच आणि दोन्हीकडे नाव लागलेलं असेल तर मला फोन येतो. या वर्षी तर माझ्या पुतण्याचीच वेळ आहे, त्याला आर्ट्सला जायचंय, इतिहास आणि मराठी असं काहीतरी डोक्यात आहे, आणि त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

फी, कटऑफ, विषयांची यादी यातलं काही लिहीत नाही, ते प्रॉस्पेक्टसमध्ये असतं आणि दरवर्षी बदलतं. मी स्वतः विल्सनचा, २०११ ते २०१४. माझी चुलतबहीण नेमकी त्याच तीन वर्षांत झेवियर्सला होती. सकाळी वसई रोडवरून एकाच फास्ट गाडीने निघायचो, मुंबई सेंट्रलला उतरून स्लो पकडायची, मग मी चर्नी रोडला उतरायचो आणि ती पुढच्याच स्टेशनला, मरीन लाइन्सला. त्यामुळे झेवियर्सबद्दल जे लिहितोय ते निम्मं तिच्या तोंडून रोज गाडीत ऐकलेलं आहे आणि निम्मं तिच्याकडे जाऊन बसायचो त्यातून आलेलं. तिला हे आधी वाचायला दिलं होतं, तिने दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या त्या घेतल्यात, तिसऱ्या ठिकाणी आमचं अजून पटत नाही, ते पुढे येईलच.

आधी घरची बाजू सांगतो, कारण वसईच्या मुलांना ती टाळता येत नाही. आम्ही सामवेदी कॅथलिक, घरात कादोडी बोलतो, आणि घरच्यांच्या दृष्टीने यात निवडण्यासारखं काही नव्हतंच. जेझुइट म्हणजे कॅथलिक फादरांचाच एक संघ, म्हणजे आपले. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचा दर्शनी भाग अजून उभा आहे, आपला संत गोन्सालो गार्सिया लहानपणी त्यांच्याच हाताखाली वाढला, पुढे तो फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला ती गोष्ट वेगळी, आणि ज्या संत फ्रान्सिस झेवियरचं नाव कॉलेजला आहे तो स्वतः वसईला येऊन गेलेला. आजीने विल्सनचं नाव ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, "तिथे मिस्सा असते का रे?" मिस्सा म्हणजे आमची चर्चमधली उपासना. मी म्हटलं आजी ते प्रोटेस्टंटांचं कॉलेज आहे, स्कॉटलंडच्या लोकांनी काढलेलं. ती म्हणाली, "मग आपलं सोडून तिथे कशाला?" आणि खरं सांगतो त्या दिवशी माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं.

बाहेरच्या लोकांना ही दोन्ही 'मिशनऱ्यांची कॉलेजं' म्हणून एकच वाटतात, दोन्हीकडे गॉथिक कमानी, दोन्हीकडे भिंतीवर जुन्या फादर-रेव्हरंडांचे फोटो, पण दोघांची मुळं आणि स्वभाव पार वेगळे आहेत आणि माझ्या मते तो स्वभाव आजही जाणवतो.

विल्सन जुनं, १८३२ चं. म्हणजे मुंबई युनिव्हर्सिटीच्या आधी पंचवीस वर्षं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये बायकोबरोबर मुंबईत आला, कोकणात हर्णैला राहून मराठी शिकला, आणि मग गिरगावात आंब्रोळीला इंग्रजी शाळा काढली, तीच वाढत वाढत कॉलेज झाली. त्याची बायको मार्गारेट, तिने त्याच काळात मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, आणि १८३५ मध्ये ती गेलीसुद्धा, सहा वर्षं फक्त मिळाली तिला. भिडेवाड्यातली शाळा १८४८ ची आहे हे लक्षात घेतलं म्हणजे हे किती आधीचं ते कळतं. आणि जोतिराव फुले पुण्यात ज्या शाळेत इंग्रजी शिकले तीही स्कॉटिश मिशनचीच, म्हणजे एकाच झाडाची फांदी.

पण हे सगळं गोड गोड नव्हतं आणि मला ते लपवायचं नाही. विल्सन धर्मांतर करायलाच आला होता आणि त्याने ते कधी झाकून ठेवलं नाही. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि आणखी एका पारशी मुलाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत हलकल्लोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, पारशी आईबापांनी पोरं शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला, पुन्हा कोर्ट, कोर्टाने मुलाला बापाच्या ताब्यात दिलं, आणि त्याला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडमध्ये चर्च फुटलं, विल्सन नव्या फ्री चर्चच्या बाजूने गेला आणि शाळेसाठी बांधत आणलेली इमारत जुन्या चर्चकडे सोडून द्यावी लागली. म्हणजे अकरा वर्षांत एकदा मुलं गेली आणि एकदा भिंती गेल्या, आणि शाळा पुन्हा भाड्याच्या जागेत वर्ग मांडून बसली. मला हे कॉलेज आवडायला लागलं ते इथे.

आणि वाद घालायची सवय तर दोन्ही बाजूंना होती. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी उघड वाद घालत होते, लोक जमून ऐकत होते, दोघांनीही मराठीतच. विल्सनला नुसतं बाटवणारा म्हणून सोडून देता येत नाही कारण तो अभ्यासकही तितकाच होता, गिरनारच्या अशोकाच्या शिलालेखाच्या नकला ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या प्रिन्सेपपर्यंत पोचल्या त्यात त्याचा हात होता, एशियाटिक सोसायटीचा तो अध्यक्ष होता, पुढे युनिव्हर्सिटीचा व्हाइस चॅन्सेलर झाला. ज्या पारशी धर्माशी भांडला तो आधी नीट वाचून मगच भांडला.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते पुढचं. धर्मांतरासाठी काढलेल्या या कॉलेजातून बाहेर पडले कोण, तर महामहोपाध्याय पां. वा. काणे, ज्यांनी 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चे पाच खंड लिहिले आणि ज्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं. दापोलीच्या मिशन शाळेत शिकून ते विल्सनला आले, आणि हर्णै दापोलीपासून किती लांब आहे ते कोकणातल्यांना सांगायला नको. बाळासाहेब खेर, १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झालेले, विल्सनचे. मोरारजी देसाई विल्सनचे. काढणाऱ्याला जे हवं होतं ते फारसं झालं नाही, पण मुलांना जे वाचायचं होतं ते वाचू दिलं असं मला यावरून वाटतं, चुकत असेन तर सांगा.

झेवियर्सची गोष्ट वेगळ्या वळणाची. १८६९ मध्ये जेझुइटांनी धोबी तलावाला सुरू केलं, सुरुवातीचे बरेचसे फादर जर्मन आणि स्विस. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारला जर्मन माणूस चालेना, त्यांना जावं लागलं, मग स्पेनचे जेझुइट आले. जेझुइटांचा स्वभाव गोळा करण्याचा, नोंदी ठेवण्याचा, मांडून ठेवण्याचा. फादर ब्लाटर यांनी वनस्पतींचे नमुने जमवले त्याचं ब्लाटर हर्बेरियम आजही कॉलेजात आहे, त्यांच्यामागून फादर सांतापाव यांनी खंडाळ्याचा डोंगर पिंजून काढला. १९२२ मध्ये फादर हेरास आले, इतिहास शिकवायला लागले, मुलांना सरळ मूळ कागदपत्रांना भिडवायला लागले आणि १९२६ मध्ये त्यांनी संशोधन संस्था उभी केली. त्यांच्या संग्रहात ख्रिस्ती कलेचे हस्तिदंती नमुने आहेत, ते बघताना मला कळलं की गोव्या-वसईकडच्या कारागिरांच्या हातात काय होतं. इतिहास घेणाऱ्या मुलाने कुठल्याही कॉलेजात गेला तरी हेरास इन्स्टिट्यूट एकदा बघावीच, पुतण्यालाही मी हेच सांगितलंय. आणि जेझुइटांचं मराठीशी नातं तर फादर स्टीफन्सपासूनचं, १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं त्यांनी.

म्हणजे इतिहासाच्या जोरावर ठरवायचं असतं तर मला झेवियर्सलाच जावं लागलं असतं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. हेरास इन्स्टिट्यूटसारखं काही आमच्याकडे नव्हतं.

मग विल्सन का घेतलं, ते सांगायला अकरावी-बारावीवर जावं लागेल.

ते कॉलेज कुठलं ते लिहीत नाही, पश्चिम उपनगरातलं एक मोठं कॉलेज एवढं पुरे. आमच्या डिव्हिजनमध्ये शंभराच्या वर मुलं, सर माइकवर शिकवायचे, मागे पंख्याच्या आवाजात निम्मं ऐकू यायचं नाही. माझा रोल नंबर ८७. सगळं नंबरावर चालायचं, हजेरी नंबरावर, पेपर नंबरावर, लायब्ररीचं कार्ड नंबरावर. कोणाला नाव विचारायची गरजच पडायची नाही. दुसऱ्या की तिसऱ्या मेरिट लिस्टनंतर आधीच्या नंबरातलं एक मूल दुसरीकडे निघून गेलं, यादी एकाने वर सरकली, आणि मी ८६ झालो. हे मला कोणी सांगितलं नाही. मी आपला रोज ८७ ला "येस सर" म्हणत राहिलो, म्हणजे माझी हजेरी दुसऱ्याच्या नावावर लागत राहिली आणि माझ्या नावासमोर नुसते शून्य. टर्मच्या शेवटी डिफॉल्टर लिस्ट लागली त्यात माझं नाव. वडिलांना घेऊन या.

पप्पांची केळीची वाडी आहे आणि ते दिवस पाणी सोडायचे होते. ते सगळं टाकून आले, इस्त्रीचा शर्ट घालून, मी बघत होतो. ऑफिसच्या काउंटरवर त्यांनी माझं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं नाव, आडनाव, गाव सगळं, जसं आपल्याकडे सांगतात. समोरचा माणूस म्हणाला नाव नको, नंबर सांगा. पप्पांना नंबर माहीत नव्हता. मी ८७ म्हटलं, त्याने यादीत बघितलं आणि म्हणाला ह्याची हजेरी तर पूर्ण आहे, मग तुम्ही कशाला आलात. तास-दीड तास त्यात गेला, शेवटी निस्तरलं, पण एकाही सरांना सांगता आलं नाही की हा मुलगा रोज तिसऱ्या बाकावर बसतो, मी ओळखतो ह्याला. परत येताना गाडीत पप्पा एवढंच म्हणाले, "वर्ष होत आलं, तुला एकही जण ओळखत नाही?" त्यांनी रागाने नाही म्हटलं, आणि त्यामुळेच ते डोक्यातून गेलं नाही.

आता कोणी म्हणेल एवढ्याशा कारकुनी चुकीवरून कॉलेज ठरवतात का, तर मी ठरवलं. पुढची तीन वर्षं कुठेही काढीन पण नंबर होऊन काढणार नाही एवढं डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग जूनमध्ये दोन्हीकडे जाऊन आलो. आधी झेवियर्स, बहिणीबरोबर. काय सुंदर आहे आतलं अंगण, त्या कमानी, हिरवळ, आणि मुलं तर एवढी की पाऊल ठेवायला जागा नाही, प्रत्येक जण कुठेतरी घाईत चाललेला, नोटीस बोर्डावर कागदावर कागद चिकटवलेले, नाटक, वादविवाद, म्युझिक ग्रुप, मल्हार या त्यांच्या फेस्टिव्हलची तयारी. मला कोणी काही वावगं बोललं असं अजिबात नाही, उलट एक सीनियर मुलगी आपणहून येऊन सगळं दाखवून गेली. बहीण तर पाच मिनिटांत तिथलीच झाली. मी मराठी मीडियमचा, इंग्रजी वाचायला ठीक पण बोलायला तोंड उघडायचं नाही, आणि मला सारखं वाटत होतं की इथे दिसायचं असेल तर आधी हात वर करावा लागेल. ज्यांना हात वर करता येतो त्यांच्यासाठी यासारखी जागा नाही, हे आजही म्हणतो.

दोन दिवसांनी विल्सनला. पाऊस होता, समोर चौपाटीचं पाणी करडं झालेलं, आणि कॉलेज बघून पहिल्यांदा वाटलं एवढंच? १८८९ ची इमारत आहे, जॉन अ‍ॅडम्सने बांधलेली, दगडी, देखणी, पण एका नजरेत मावते. ॲडमिशनच्या टेबलावर एक वयस्कर सर बसले होते. त्यांनी फॉर्म घेतला, नाव मोठ्याने वाचलं, पूर्ण आणि बरोबर, आणि विचारलं, "वसईत कुठे?" गाव सांगितलं. मग म्हणाले किल्ल्यातली चर्चं बघितलीस का, जेझुइटांचं कोणतं आणि फ्रान्सिस्कनांचं कोणतं ते ओळखता येतं का, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला तेव्हा मारा कुठल्या बाजूने झाला ते माहितीय का. मागे रांग होती तरी पाच-सात मिनिटं बोलले, मराठीत. माझं आडनाव बघून लोक लगेच हिंदी-इंग्रजीवर जातात किंवा "तुमचं मराठी छान आहे हो" म्हणतात, वसईच्या सगळ्यांना याची सवय आहे, या सरांनी तसलं काही केलं नाही. मला येतंच असं धरून बोलत राहिले. जुलैच्या शेवटी कॉरिडॉरमध्ये समोरून आले आणि नावाने हाक मारली. झालं, तिथे माझा निर्णय पुन्हा एकदा झाला.

फसवायचं नाही म्हणून सांगतो, एफवायला, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या वर्षाला, विल्सनमध्येही वर्ग भरलेलेच होते, आणि पहिले काही महिने रोल नंबर तिथेही होताच. खरा फरक मला एसवाय-टीवायला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला जाणवला. टीवायला इतिहासाला आम्ही चौदा जण होतो. चौदा जणांत लपता येत नाही. एकदा भाईंदरच्या पुढे गाडी अडकली म्हणून दांडी झाली तर दुसऱ्या दिवशी मॅडमनी आत शिरतानाच विचारलं, काल पाणी भरलं होतं का तुमच्याकडे? ट्युटोरियलचे कागद परत यायचे ते मार्क देऊन नाही तर समासात प्रश्न लिहून, हे तू कुठे वाचलंस, हे तुझं मत आहे की पुस्तकाचं. माझं इंग्रजी त्या समासातल्या प्रश्नांना उत्तरं देता देता सुधारलं. मी काही मोजमाप केलेलं नाही, दर शिक्षकामागे मुलं किती वगैरे आकडे माझ्याकडे नाहीत, आणि आज टीवायला किती मुलं असतात ते विचारूनच घ्या. पण मला जे मिळालं ते हे.

इथेच बहिणीचं आणि माझं पटत नाही. ती म्हणते तिच्याकडेही टीवायला छोटाच ग्रुप होता, तिलाही सर नावाने ओळखायचे, मी उगाच विल्सनची खासियत म्हणून सांगतोय. असेलही. पण ती पहिल्या महिन्यात दोन कमिट्यांमध्ये होती, जानफेस्टच्या रात्रभर चालणाऱ्या मैफलीला खुर्च्या लावायला तीच पुढे, तिला शिक्षक ओळखू लागले ते तिथून. तिने दार ढकललं आणि ते उघडलं. माझ्यासाठी कोणीतरी आतून उघडावं लागलं. ती यावर म्हणते की मग दार ढकलायला कधी शिकणार, आणि तेही खरंच आहे.

ख्रिस्तीपण रोजच्या दिवसात किती, हा प्रश्न बिगरख्रिस्ती मित्र नेहमी विचारतात. दोन्हीकडे बहुतेक मुलं ख्रिस्ती नसतातच आणि माझ्या तीन वर्षांत मला किंवा तिला कोणी धर्माचं काही ऐकवलं नाही. झेवियर्सला ते कामातून दिसतं, समाजकार्याचे ठराविक तास प्रत्येकाला पूर्ण करावे लागतात, आणि दृष्टिहीन मुलांसाठी त्यांनी २००३ मध्ये केंद्र सुरू केलं ते तर बघण्यासारखं आहे, बहीण तिथे पुस्तकं स्कॅन करायला बसायची आणि म्हणायची की तीन वर्षांत खरं शिकले ते इथे. यात झेवियर्स पुढे, यात मला काही शंका नाही. विल्सनचं ख्रिस्तीपण गप्प आहे, मुलींच्या हॉस्टेलला पंडिता रमाबाईंचं नाव आहे यातच मला ते दिसतं, कारण रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी चर्चने सांगितलं म्हणून कोणतीही गोष्ट त्यांनी मुकाट्याने मान्य केली नाही. आजीला मी हेच समजावलं होतं, तिला कितपत पटलं माहीत नाही, पण दर रविवारी मी गावातल्या मिस्सेला हजर असायचो त्यावर तिने समाधान मानलं.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर आमच्या वेळी मोठा फरक होता. झेवियर्सला २०१० मध्येच ऑटोनॉमी मिळालेली, त्यांचा सिलॅबस त्यांचा, परीक्षा त्यांच्या, आणि बहिणीचे विषय माझ्यापेक्षा ताजे असायचे, तिच्या रीडिंग लिस्टमधली पुस्तकं मी गाडीत उभ्या उभ्या वाचलीत. आम्ही युनिव्हर्सिटीच्या सिलॅबसवर. आता विल्सनही ऑटोनॉमस आहे, त्यामुळे हा मुद्दा पूर्वीसारखा राहिला नाही, तरी झेवियर्सचा हात त्यात जास्त बसलेला असणार असं धरून चाला.

विल्सनच्या खोडी पण सांगतो. पावसाळ्यात समुद्रावरून वारं असं येतं की छत्री उलटी होते आणि वह्यांची पानं दमट होतात. समोरच्या रस्त्याचा आवाज सवय होईपर्यंत त्रास देतो. अनंत चतुर्दशीला चौपाटीच्या आसपास कॉलेजबिलेज विसरायचं. पण परिसर बघा. इतिहासवाल्या मुलाला मणिभवन चालत, गवालिया टँक चालत. मराठीवाल्याला गिरगाव आहे, साहित्य संघ आहे, मी पहिली नाटकं तिथेच बघितली, आणि ठाकुरद्वारची मिसळ खाऊन लेक्चरला परत. आजूबाजूला मराठी ऐकू येत राहायचं याचा वसईहून आलेल्या मुलाला किती आधार असतो ते मला नंतर कळलं. झेवियर्सकडे कयानीचा बन मस्का आणि एशियाटिकची लायब्ररी थोडी जवळ, त्यांच्याकडेही काही कमी नाही. प्रवास दोन्हीकडे सारखाच समजा, एका स्टेशनाने काही बिघडत नाही, आणि आता भुयारी मेट्रोही झाली आहे.

तर पुतण्याला काय सांगू. तो जर त्याच्या आत्यासारखा असता, पहिल्या दिवशी चार जणांशी ओळख करून घेणारा, तर डोळे मिटून झेवियर्स म्हटलं असतं. पण तो थोडा माझ्यावर गेलाय. वाचतो भरपूर, विचारलं तर बोलतो, नाही विचारलं तर दिवसभर गप्प. माझा आग्रह नाही, आणि तो झेवियर्सला गेला तर मला आनंदच आहे, आजीच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून येईन. फक्त त्याला एक सांगितलंय, दोन्हीकडे गेल्यावर इमारत नंतर बघ, आधी टेबलापलीकडचा माणूस तुझ्या फॉर्मवर पहिलं काय वाचतो ते बघ.

शनिवारी त्याला घेऊन जातोय. आधी मरीन लाइन्सला उतरणार, झेवियर्स दाखवणार, हेरासचा संग्रह उघडा असेल तर तोही, आणि मग दोघं मरीन ड्राइव्हने चालत चौपाटीला येऊ. उलटा क्रम ठेवला असता तर चाललं असतं, पण विल्सनला एकदा पोचल्यावर तिथून त्याला उठवून दुसरीकडे घेऊन जायला माझा पाय निघणार नाही.